सिव्ह ६ मध्ये कॉम्प्युटर चीटिंग करतो, मग त्याला हरवायचं कसं? नवीन खेळाडूंसाठी पायरी पायरीने

सिव्हिलायझेशन ६ (थोडक्यात सिव्ह ६, आळीपाळीने चाली खेळून आपलं साम्राज्य उभं करायचा गेम) नवीन घेतलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा हीच असते, की माझं दुसरं शहर बसायच्या आधीच शेजाऱ्याची तीन शहरं झालेली असतात, थोड्याच टर्नमध्ये त्याचे वॉरियर माझ्या दारात येऊन उभे राहतात, आणि मी एवढ्या हौसेने स्टोनहेंज हे वंडर (सगळ्या गेममध्ये एकालाच बांधता येणारी खास इमारत) बांधायला घेतलं तर ते अर्ध्यावर असतानाच दुसराच कोणीतरी बांधून मोकळा झाला. कॉम्प्युटर चीटिंग करतो का? तर हो, वरच्या लेव्हलला करतो, आणि चोरून नाही करत, गेम बनवणाऱ्यांनी ठरवून त्याला सवलत दिलेली असते. पण ही सवलत नेमकी कुठे दिलीय आणि कुठे नाही दिलीय हे एकदा कळलं ना, की सगळ्यात वरच्या डीइटी लेव्हलचा कॉम्प्युटरसुद्धा हरवता येतो, आणि त्यात जी मजा आहे ती बरोबरीच्या लेव्हलला जिंकण्यात नाही, हे अगदी मनापासून सांगतोय.

लेख मुख्यतः सिव्ह ६ वर आहे कारण तिथे सवलतीचे आकडे स्वच्छ आहेत आणि समजायला सोपे आहेत. एज ऑफ एम्पायर्स २, युरोपा युनिव्हर्सालिस ४ आणि टोटल वॉर खेळणाऱ्यांसाठी पण पुढे थोडं थोडं लिहिलंय.

आधी हे समजून घ्या, सवलत का देतात

गल्लीत खेळताना एखादं लहान पोर असायचं, त्याला लिंबू-टिंबू म्हणून खेळात घ्यायचं, म्हणजे ते आउट झालं तरी आउट नाही. कॉम्प्युटर हा या गेममधला लिंबू-टिंबू आहे. त्याला जास्त मिळतं कारण त्याला कमी कळतं, तो तुमच्यापेक्षा भारी आहे म्हणून नाही. नवीन खेळाडू नेमकं उलटं समजतात, त्यांना वाटतं समोरचा एवढा पुढे आहे म्हणजे तो काहीतरी जबरदस्त डोकं लावून खेळतोय, आणि मग ते घाबरून त्याची नक्कल करायला जातात, वंडर बांधायला जातात, धर्म काढायला जातात, म्हणजे जिथे त्याला सवलत आहे त्याच मैदानात उतरतात आणि मार खातात.

डोकं कमी का, तर बुद्धिबळाचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं, पण बुद्धिबळात ६४ घरं आणि एका वेळी एकच चाल. सिव्हमध्ये एका टर्नला दहा-पंधरा युनिट हलवायची, पाच-सात शहरांचं उत्पादन ठरवायचं, संशोधन, व्यापार, राजकारण, आणि हे सगळं एकेका कॉम्प्युटर खेळाडूने, असे सात खेळाडू, तुमच्या घरच्या साध्या पीसीवर, काही सेकंदात, कारण टर्न संपल्यावर तुम्ही काही पाच मिनिटं थांबणार नाही. २०१९ मध्ये अल्फास्टार या एआय प्रोग्रॅमने स्टारक्राफ्ट २ या गेममध्ये ग्रँडमास्टर लेव्हल गाठली होती हे खरं, पण त्याला शिकवायला जेवढी कॉम्प्युटरची ताकद लागली ती घरी बसून गेम खेळणाऱ्याकडे कुठून येणार. त्यात सिव्ह ५ पासून (२०१०) एका चौकोनात, म्हणजे आता षटकोनात, एकच लढाऊ युनिट उभं राहू शकतं असा नियम आला, आणि तेव्हापासून कॉम्प्युटरची फौज म्हणजे अरुंद रस्त्यावरचं ट्रॅफिक झालंय, पुढचा हलत नाही म्हणून मागचा अडकतो. हा नियम तुमचा सगळ्यात मोठा मित्र आहे, पुढे येईलच.

अजून एक, गेम तुमच्या बाजूने पण चीटिंग करतो. सिव्ह मालिका सुरू करणाऱ्या सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं की खेळाडूला तीनास एक असं पारडं दाखवलं की त्याला वाटतं आपण जिंकणारच, मग चारातून एकदा हरला तरी त्याला ते खटकतं, त्यामुळे खेळाडूला काय योग्य वाटेल याचा विचार करून त्यांना हिशोब बदलावा लागला. तेव्हा आकडे दोन्हीकडून हलवलेले असतात एवढं लक्षात ठेवा.

पायरी १: बरोबरीची लेव्हल कुठली ते बघा

सिव्ह ६ मध्ये आठ लेव्हल आहेत: सेटलर, चीफटन, वॉरलॉर्ड, प्रिन्स, किंग, एम्परर, इमॉर्टल, डीइटी. यातली प्रिन्स ही बरोबरीची. तिथे ना तुम्हाला सवलत ना कॉम्प्युटरला. खाली गेलात की लढाईत तुम्हाला बोनस मिळतो, वर गेलात की त्याला.

पहिला गेम प्रिन्सवरच खेळा. सेटलर किंवा चीफटनवर खेळू नका, तिथे चुकीच्या सवयी लागतात, एक वॉरियर घेऊन सगळा नकाशा फिरता येतो आणि वाटतं की असंच असतं. प्रिन्सवर आरामात जिंकायला लागलात की एक एक पायरी वर चढा, उडी मारू नका, कारण प्रत्येक पायरीला नेमकं काय वाढतं ते ठरलेलं आहे आणि एकेक करून चढलं की ते हाताला जाणवतं.

पायरी २: सवलत कशाकशात आहे ते वेगवेगळं करा

नुसतं "चीटिंग करतो" म्हणून चालत नाही. सिव्ह ६ मधली सवलत साधारण तीन जागी आहे.

एक, सुरुवातीचं सामान. तुम्हाला एक सेटलर (नवीन शहर बसवणारा) आणि एक वॉरियर (सुरुवातीचा सैनिक) मिळतो, डीइटीवर कॉम्प्युटरला तीन सेटलर, पाच वॉरियर आणि वर दोन बिल्डर (शेतं, खाणी वगैरे काढणारे). म्हणजे पहिल्या काही टर्नमध्येच त्याची तीन शहरं. एम्पररवर हेच दोन सेटलर आणि तीन वॉरियर असतं.

दोन, दर टर्नची टक्केवारी. प्रिन्सच्या वर प्रत्येक लेव्हलला विज्ञान, संस्कृती आणि श्रद्धा ८ टक्के, आणि उत्पादन व सोनं २० टक्के. म्हणजे किंगवर ८ आणि २०, एम्पररवर १६ आणि ४०, इमॉर्टलवर २४ आणि ६०, डीइटीवर ३२ आणि ८०.

तीन, लढाई. प्रत्येक लेव्हलला त्याच्या युनिटची ताकद एकेने वाढते, डीइटीवर +४. शिवाय अनुभवाचे पॉइंट पण त्याला भराभर मिळतात, आणि सुरुवातीला काही यूरेका (ठरलेलं छोटं काम केलं की एखाद्या संशोधनाला मिळणारी सूट) फुकट.

आता यात काय नाही ते बघा, तेच जास्त महत्त्वाचं आहे. तो युनिट कुठे उभं करतो, कुठल्या शहरावर कधी हल्ला करतो, जमीन बघून लढतो का, कुठला डिस्ट्रिक्ट (शहराचा खास कामाचा भाग) कुठे बांधतो, सौद्यात काय किंमत लावतो, यातलं काहीही लेव्हल वाढवल्याने सुधारत नाही. प्रिन्सचा कॉम्प्युटर आणि डीइटीचा कॉम्प्युटर यांचं डोकं तेच, खिसा फक्त वेगळा. सगळी सवलत मालाची आहे, अकलेची नाही.

हे सगळं लपवलेलं पण नाही. गेम इन्स्टॉल केलेल्या फोल्डरमध्ये डेटाच्या साध्या फायली असतात, नोटपॅडमध्ये उघडतात, लेव्हलप्रमाणे काय वाढतं ते तिथे लिहिलेलं सापडतं. फक्त वाचा, बदलू नका. आणि वाचायची सवय लावा, कारण या गेमांबद्दल ऐकीव गोष्टी खूप फिरतात. पहिल्या सिव्हमध्ये गांधी अणुबॉम्ब टाकायचे ते प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे, ही गोष्ट वर्षानुवर्षं सगळ्यांनी खरी मानली, शेवटी सिड मायर यांनीच सांगितलं की असं काही नव्हतं.

पायरी ३: पहिल्या पन्नास टर्नमध्ये फक्त जगा

डीइटीवर हरणारे बहुतेक लोक इथेच हरतात. त्याच्याकडे पाच वॉरियर आयते आहेत आणि तुमच्याकडे एक, तर तो हिशोब करतो की हा शेजारी कमकुवत आहे आणि येतो. तुम्ही स्टोनहेंज बांधत बसलात तर पळता भुई थोडी होईल.

स्टोनहेंजचं गणित एकदा करूनच बघू. त्याची किंमत १८० उत्पादन. समजा तुमचं शहर टर्नला १० देतं, तर तुम्हाला १८ टर्न. अगदी तशाच जमिनीवर बसलेल्या डीइटी कॉम्प्युटरला ८० टक्के जास्त, म्हणजे १८ दर टर्न, म्हणजे १० टर्न. आणि असे सात जण. म्हणून सुरुवातीची वंडर डोक्यातून काढूनच टाका, मधल्या काळातली मिळतात, तेव्हा बघू. धर्माचं पण तसंच, धर्म स्थापन करायला लागणाऱ्या प्रॉफेटची संख्या मर्यादित असते आणि श्रद्धेत त्याला ३२ टक्के जास्त, तुमचा सगळा प्लॅनच धर्मावर नसेल तर त्या शर्यतीत पडू नका.

मग करायचं काय, तर आधी एक स्काउट (नकाशा धुंडाळणारा), लगेच एक-दोन स्लिंगर (गोफणवाले), मग सेटलर. स्लिंगरने एखादं रानटी टोळीचं युनिट मारलं की आर्चरीचा यूरेका मिळतो, म्हणजे वॉरियरने त्याला अर्धमेलं करायचं आणि शेवटचा फटका स्लिंगरला द्यायचा, हे नीट जमवून आणा, घाई करू नका. आर्चरी आली की थोडं सोनं टाकून स्लिंगरचे आर्चर (तिरंदाज) करा. आर्चर दोन घरं लांबून मारतो आणि मारताना त्याला उलटा मार बसत नाही. शहरात एक आर्चर, मागे एक, आणि पुढे टेकडीवर एक वॉरियर, एवढ्यावर पहिला हल्ला थांबतो.

दुसरं, ज्या टर्नला एखादा नेता भेटेल त्याच टर्नला शिष्टमंडळ पाठवा, २५ सोनं लागतं. पहिल्याच टर्नला पाठवलं तर तो सहसा घेतो, नंतर त्याचं तुमच्याबद्दलचं मत बिघडलं की नाकारतो. मग तोंडावर हसू आलं की मैत्रीची घोषणा मागा. मैत्री झाली की स्टँडर्ड स्पीडला ३० टर्न तो युद्ध जाहीर करूच शकत नाही. हे ३० टर्न डीइटीवर सोन्यासारखे आहेत, भिंती बांधायच्या त्याच्या आत.

प्रत्येक नेत्याचा स्वभाव असतो तो पण वाचा, भेटल्यावर स्क्रीनवर दिसतो. २०१८ च्या राइज अँड फॉल या एक्सपान्शनमध्ये (गेमच्या जोड-पॅकमध्ये) आलेला चंद्रगुप्त मौर्य शेजारी नसला तर बरा, कारण त्याला त्याच्या हद्दीजवळ शहरं असणारे आवडतच नाहीत, मग तुम्ही कितीही चांगलं वागा. तो शेजारी आला तर भिंतींची तयारी पहिल्या दिवसापासून. ट्राजनला उलट मोठी हद्द असलेले आवडतात, तिथे भराभर शहरं बसवलीत तर मैत्री आपोआप होते.

भिंतींसाठी मेसनरी हे संशोधन लागतं आणि त्याचा यूरेका दगडाची एक खाण काढली की मिळतो. भिंत बांधली की शहर स्वतः बाण मारायला लागतं. वॉरियर घेऊन भिंतीवर चालून येणं म्हणजे डोकं आपटणं, त्याला बॅटरिंग रॅम (भिंत फोडायचा ओंडका) लागतो, आणि कॉम्प्युटर रॅम घेऊन आलाच तरी ट्रॅफिकमध्ये मागे अडकतो. भिंत, आत आर्चर, बाजूला नदी, असं शहर डीइटीवर पण कॉम्प्युटरच्या हाती सहजासहजी लागत नाही.

पायरी ४: +४ चा हिशोब पाठ करा

लढाईतली +४ ऐकायला छोटी वाटते, पण ती कशी काम करते बघा. दोघांची ताकद सारखी असेल तर एका झुंजीत दोघांचं साधारण ३०-३० नुकसान होतं, प्रत्येकाकडे १०० जीव. समोरचा चारने जास्त असला की तुमचं साधारण ३५ आणि त्याचं २६. म्हणजे तीन झुंजी झाल्या की तुमचा वॉरियर मेलेला आणि त्याचा अजून २०-२२ जीव घेऊन उभा. मोकळ्या मैदानात एकास एक लढलात तर प्रत्येक वेळी हेच होणार, आणि त्याच्याकडे वॉरियर पण जास्त.

आता हेच उलटवायचं. टेकडीवर किंवा जंगलात उभं राहून बचाव केला तर +३. एक टर्न न हलता तटबंदी केली की अजून +३, दुसऱ्या टर्नला +६. म्हणजे टेकडीवर दोन टर्न बसलेला तुमचा वॉरियर बचावात +९ ला आहे, त्याची +४ गेली कुठल्या कुठे. समोर नदी असेल तर ती ओलांडून हल्ला करणाऱ्याला अजून फटका. कॉम्प्युटर हे सगळं बघत नाही असं नाही, पण बघून थांबत नाही, टेकडीवरच्या बसलेल्या युनिटवर एकामागोमाग एक येऊन आदळतो आणि मागून आर्चर त्याला टिपत राहतात. हे पहिल्यांदा जुळून येतं ना तेव्हा डीइटीची भीती तिथेच संपते.

तुम्हाला स्वतः हल्ला करायचा असेल तर पोलिटिकल फिलॉसॉफी (संस्कृतीतून मिळणारा टप्पा) लवकर आणा, तीन सिटी-स्टेट (एका शहराची छोटी राज्यं) भेटल्या की तिचं इन्स्पिरेशन (संस्कृतीतला यूरेका) मिळतं, स्काउट म्हणूनच आधी बनवायला सांगितला. तिथे ऑलिगार्की सरकार घ्या, जवळून लढणाऱ्या पायदळाला +४. बरोबर तेवढीच, जेवढी त्याला डीइटीवर मिळते. फिटंफाट. त्यावर त्या काळाचा ग्रेट जनरल (खास सेनापती) मिळाला तर दोन घरांच्या आतल्या युनिटला +५ आणि एक पाऊल जास्त. आता तुम्ही वर आहात. फौज बनवताना सरकारच्या धोरणांमधलं आगोगे कार्ड लावा, जुन्या काळातल्या पायदळाला आणि तिरंदाजांना ५० टक्के उत्पादन जास्त, म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांमधलं बरंचसं अंतर इथे भरून निघतं.

पायरी ५: त्याची सवलत तुमच्या खिशात आणा

ही पायरी मला सगळ्यात आवडते आणि नवीन लोक नेमकी हीच विसरतात. त्याला सोनं ८० टक्के जास्त मिळतं ना? मग ते त्याच्याकडून घ्या. तुमच्याकडे एकाच चैनीच्या वस्तूचे दोन नग असतील, समजा दोन ठिकाणी चहा किंवा मसाले आहेत, तर एक विका. दुसऱ्या नगाचा तुम्हाला स्वतःला काही उपयोग नसतो. सौदा ३० टर्नचा असतो, संपला की परत विका, आणि विकताना एकाला विचारून थांबू नका, सगळ्यांना विचारा, जो श्रीमंत आहे आणि तुमच्यावर खूश आहे तो जास्त देतो. गॅदरिंग स्टॉर्म हे एक्सपान्शन (२०१९) असेल तर सुरुवातीची डिप्लोमॅटिक फेव्हर (राजकारणातले पॉइंट) पण विकता येते, आणि तिला कॉम्प्युटर चांगली किंमत देतो.

वर लेव्हल जाईल तसा व्यापार जास्त फायद्याचा होत जातो, कारण त्याच्याकडे पैसा जास्त असतो आणि घासाघीस त्याला येत नाही. त्याच पैशातून बिल्डर घ्या, आर्चर घ्या, सेटलर घ्या.

सेटलरवरून आठवलं, कॉम्प्युटर बऱ्याचदा सेटलर एकटाच सोडतो, सोबत रक्षक नाही. युद्ध जाहीर करून त्या घरात तुमचा वॉरियर नेला की सेटलर तुमचा. आयत्या बिळावर नागोबा. पण हे विचार करून करा, कारण त्यानंतर त्याचे पाच वॉरियर येणार आणि बाकीचे नेते पण तुमच्याकडे वाकड्या नजरेने बघणार, तेव्हा टेकडीवर आर्चर तयार असतील तरच.

आणि पुढे जाऊन त्याची शहरं. त्याने ८० टक्के जास्त उत्पादन लावून जे बांधलंय ते शहर घेतल्यावर बरंचसं तुम्हाला मिळतं, वंडरसुद्धा. स्टोनहेंज बांधण्यापेक्षा ज्याने बांधलं त्याचं शहर घेणं जास्त स्वस्त पडतं.

पायरी ६: मागे आहात म्हणून घाबरू नका

शंभराव्या टर्नच्या आसपास विज्ञानात तुम्ही मागे असणार, स्कोअरमध्ये तर तळाला असणार, ते नॉर्मल आहे. त्याची ३२ टक्क्यांची सवलत पहिल्या टर्नपासून चालू आहे पण त्याला तिचं काय करायचं ते कळत नाही, कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) डोंगरापासून लांब बांधतो, जंगलं तोडायच्या वेळी तोडत नाही. तुम्ही यूरेका धरून चाला. राइज अँड फॉलपासून एक यूरेका म्हणजे त्या संशोधनाची ४० टक्के किंमत फुकट, म्हणजे जिथे जिथे तुम्ही यूरेका मिळवता तिथे त्याच्या ३२ टक्क्यांच्या वरच जाता. पाळीव जनावरांचं कुरण केलं की घोडेस्वारीचा, व्यापाराचा मार्ग सुरू केला की चलनाचा, लोखंडाची खाण काढली की आयर्न वर्किंगचा. संशोधन निवडताना आधी बघा कुठला यूरेका हाताशी आलाय, मगच क्लिक करा.

बाकीच्या गेममध्ये काय

एज ऑफ एम्पायर्स २ ची गोष्ट वेगळी आहे. १९९९ च्या मूळ गेममध्ये सगळ्यात अवघड लेव्हलला कॉम्प्युटरला जास्तीचा माल मिळायचा. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनचा कॉम्प्युटर मात्र एक्स्ट्रीम लेव्हलला पण माल फुकट घेत नाही, तुमच्याएवढ्याच गावकऱ्यांपासून सुरू करतो आणि स्वतः गोळा करतो. तरी चीटिंग केल्यासारखं वाटतं कारण त्याला माउस नाही, तो एकाच वेळी लाकूडतोडे, शेतकरी आणि सैन्य तिन्ही सांभाळतो, तुमचं लक्ष मात्र एकाच जागी. खात्री करायची असेल तर गेम संपल्यावर आकडेवारीचं पान बघा किंवा रेकॉर्ड झालेला गेम त्याच्या बाजूने परत चालवून बघा, त्याचे गावकरी किती आहेत आणि टाउन सेंटर कधीच रिकामं बसत नाही हे दिसेल. इथे उपाय म्हणजे हॉटकी पाठ करा, टाउन सेंटरमधून गावकरी काढायचे थांबवू नका, आणि गेममध्येच आर्ट ऑफ वॉर नावाची सरावाची मिशन्स आहेत त्यात निदान रौप्य पदक मिळेपर्यंत खेळा. २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया हे एक्सपान्शन आल्यापासून आपल्याकडचे बरेच नवीन लोक गुर्जर आणि द्रविडियन घेऊन थेट एक्स्ट्रीमवर जातात, तसं करू नका, मॉडरेट, मग हार्ड, मग पुढे.

युरोपा ४ मध्ये नॉर्मल लेव्हल ठेवली तरी एक सवलत उरते, लकी नेशन्स. ऐतिहासिक लकी नेशन्स चालू असतील तर ऑटोमन, फ्रान्स, कॅस्टिल, इंग्लंड अशा काही देशांना बोनस मिळतो, पण फक्त ते कॉम्प्युटरच्या हातात असतील तेव्हाच, तुम्ही ऑटोमन घेतलात की तो गेला. नवीन असाल तर गेम सुरू करताना सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करा. आपल्याकडचे लोक १४४४ मध्ये बहमनी किंवा विजयनगर घेऊन मोठं राज्य उभं करायच्या नादात असतात, चांगलीच गोष्ट आहे, फक्त युद्धात उतरायच्या आधी लेजर (सगळ्या देशांच्या आकडेवारीचं पान) उघडून शेजाऱ्याचं सैन्य आणि त्याच्या मित्रांचं सैन्य मिळून किती होतं ते बघायची सवय लावा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, कारण जिथे चीटिंग वाटत होतं तिथे खरं तर तीन देश एकत्र आलेले असतात.

टोटल वॉरमध्ये दोन गोष्टी वेगळ्या धरा, नकाशावरची लेव्हल आणि रणांगणावरची. मेडिव्हल २ मध्ये (२००६) दोन्ही वेगवेगळ्या निवडता येतात. रणांगणाची वाढवली की समोरच्या सैनिकांचं मनोधैर्य आणि लढायची ताकद वाढते, मग तुमचे कसलेले भालेवाले त्याच्या शेतकऱ्यांसमोर मार खातात आणि डावपेच शिकण्यातली मजाच जाते. माझं मत विचाराल तर रणांगण नॉर्मल ठेवा आणि नकाशा हार्ड. एम्पायर टोटल वॉरमध्ये (२००९) मराठे खेळता येतात, १७०० पासून सुरुवात, आणि आपल्यातले बरेच जण हा गेम त्याचसाठी घेतात. तिथे समोरासमोर रांग लावून लढण्यापेक्षा घोडदळ बाजूने घालून मागचे बंदूकधारी आणि तोफा गाठा, कॉम्प्युटरचं सैन्य वळायला वेळ लावतं आणि बाजूने, मागून मार बसला की वाढवलेलं मनोधैर्य पण टिकत नाही.

शोगुन २ मधलं (२०११) रेल्म डिव्हाइड तर सगळ्यांना चीटिंग वाटतं, तुम्ही पुरेसे मोठे झालात किंवा क्योटो घेतलंत की जवळजवळ सगळी घराणी एकदम तुमच्या विरुद्ध. हे गेमच्या रचनेतच आहे, लेव्हल कमी केली तरी जात नाही. म्हणून कीर्ती वाढायला लागली की थोडं थांबा, प्रांत जिंकायचे थांबवा, तिजोरी भरा, दोन पूर्ण फौजा तयार ठेवा, सीमेवरचे किल्ले पक्के करा, आणि परदेशी व्यापाराची केंद्रं आधीच ताब्यात घ्या, कारण बाकीच्या घराण्यांशी असलेला व्यापार त्यानंतर तुटत जातो. सगळी तयारी झाली की मगच शेवटचा प्रांत घ्या.

पायरी ७: सवलतच नको असेल तर

डीइटीवर दोन-चार गेम जिंकल्यावर बऱ्याच जणांना एक गोष्ट टोचायला लागते, की सुरुवात जीवघेणी आणि शेवट कंटाळवाणा, कारण सवलतीचा मोठा वाटा पहिल्या टर्नलाच हातात दिलेला असतो. यावर मॉड (खेळाडूंनी गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फायली) आहेत. सिव्ह ६ साठी स्मूदर डिफिकल्टी नावाचा मॉड सुरुवातीचे जास्तीचे सेटलर काढून तीच सवलत हळूहळू, पुढच्या युगांमध्ये देतो, त्यामुळे शेवटपर्यंत चुरस राहते. रिअल स्ट्रॅटेजी हा मॉड कॉम्प्युटरला कुठल्या मार्गाने जिंकायचं ते थोडं बरं ठरवायला शिकवतो. आणि सिव्ह ५ तुमच्याकडे असेल तर व्हॉक्स पॉप्युली नक्की बघा, त्यातला कॉम्प्युटर मूळ गेमपेक्षा खूप चांगला लढतो, तिथे आधी प्रिन्सवरच बसा, डीइटी जिंकून आलेल्यालासुद्धा जड जातो.

मॉड एका वेळी एकच चालू करा, चालू असलेल्या सेव्ह गेममध्ये टाकू नका, नवीन गेम सुरू करा, आणि पहिले पन्नास टर्न खेळून बघा काय बदललंय ते कळेपर्यंत दुसरा मॉड लावू नका.